अमानो इवातो: गुहेतली देवी आणि कानाला झालेला हिब्रूचा भास

क्यूशू बेटावर, मियाझाकी प्रांतात, ताकाचिहो नावाचं डोंगराळ गाव आहे. तिथून वाहणाऱ्या इवातो नदीच्या पलीकडच्या कड्यात एक गुहा आहे. तिला 'अमानो इवातो' म्हणतात, म्हणजे स्वर्गातलं खडकाचं दार. सूर्यदेवता आमातेरासु भावावर रागावून याच गुहेत जाऊन बसली आणि सगळं जग अंधारात बुडालं, अशी इथली श्रद्धा. गुहेत कुणालाही जाता येत नाही. नदीच्या अलीकडे अमानो इवातो जिंजा हे देऊळ आहे. पुजारी आपल्याला पूजागृहाच्या मागे नेतात, त्याआधी कागदाच्या झिरमिळ्यांची काठी डोक्यावरून फिरवून शुद्ध करतात, आणि मग झाडीतून समोरच्या कड्याकडे हात करतात. फोटो काढायला मनाई. कितीही डोळे ताणले तरी दिसतं ते रान.

मी फुकुओकात दुभाषी आहे. कारखान्यांत भारतातून आलेले इंजिनियर आणि इथले फोरमन यांच्या मधे बसून दोन्हीकडचं बोलणं इकडून तिकडे पोचवायचं, हा माझा पोटाचा धंदा. सुट्टीच्या दिवशी याच पाहुण्यांना कुठेतरी फिरवून आणायचं कामही आपसूक गळ्यात पडतं. ताकाचिहोला नेलेल्या अशाच एका पाहुण्यांनी बसमधे मोबाइल पुढे केला. "मॅडम, तुम्ही अलिबागकडच्या ना? मग हे बघाच. या गुहेसमोर देवांनी म्हटलेलं गाणं हिब्रूत आहे म्हणे. जपानी लोक मूळचे ज्यू!"

अलिबागचा आणि ज्यूंचा संबंध त्यांनी बरोबर लावला होता. आमच्या आळीतच शनिवारी चूल न पेटवणारी घरं होती. पण गुहेतल्या हिब्रूचं काय?

दावा असा आहे. आमातेरासु गुहेत बसल्यावर आमे-नो-उझुमे ही देवी बाहेर नाचली आणि तिने मंत्र म्हटला: हि, फु, मि, यो, इत्सु, मु, नाना, या, कोकोनो, तो. जपानी माणसाला हे एक ते दहा आकडे वाटतात. पण हेच जरा ओढूनताणून उच्चारलं तर हिब्रूत 'हायाफा मी योत्सिआ, मा नाआने, याखेना तावो' असं वाक्य होतं, म्हणजे साधारण 'त्या सुंदरीला बाहेर कोण काढील, ती यावी म्हणून काय बोलावं?' गुहेत रुसून बसलेली देवी, दारात तिची मनधरणी, आणि नेमका तोच अर्थ! ऐकताना अंगावर काटा येतो खरा. असं सांगणारी पुस्तकं जपानात अनेक वर्षं खपत आली आहेत.

यावर पहिला प्रश्न असा, की उझुमेने हे म्हटलं असं लिहिलंय कुठे? 'कोजिकी' हा जपानचा सर्वांत जुना उपलब्ध ग्रंथ. ओ-नो-यासुमारोने तो इ.स. 712 मधे दरबारात सादर केला. गुहेची कथा त्यात सविस्तर आहे. सुसानोओ हा भाऊ उच्छाद मांडतो, सोललेला घोडा छप्पर फोडून विणकामाच्या घरात टाकतो, धोटा लागून विणकर बाई मरते, आणि आमातेरासु गुहेचं दार लावून घेते. ऐंशी लाख देव यासु नदीच्या पात्रात जमतात. ओमोइकाने नावाचा देव विचार करतो. कोंबडे आरवायला लावतात, साकाकीच्या झाडाला आरसा आणि मण्यांच्या माळा टांगतात. उझुमे पालथ्या घातलेल्या टोपावर पाय आपटत नाचते, अंगात येऊन तिची वस्त्रं सुटतात, आणि सगळे देव खदाखदा हसतात. आत बसलेल्या आमातेरासुला कळत नाही की अंधारात हे हसतात कशाला. ती दार किंचित उघडून विचारते. उझुमे उत्तर देते की तुझ्याहून थोर देवता आली आहे म्हणून आम्ही आनंदात आहोत. तेवढ्यात आरसा पुढे करतात, आणि ती जराशी बाहेर डोकावते तोच ताजिकाराओ हा बलदंड देव तिचा हात धरून तिला ओढतो.

म्हणजे उझुमेच्या तोंडचं बोलणं ग्रंथात आहे, आणि ते साधं जपानी आहे. त्यात आकडे नाहीत. आकड्यांचा मंत्र येतो तो 'सेन्दाइ कुजी होंगी' या नंतरच्या ग्रंथात, आणि तोही प्राण स्थिर करण्याच्या चिंकोन नावाच्या विधीत. या विधीचं मूळ उझुमेच्या नाचात आहे असं इ.स. 807 चा 'कोगो शूइ' सांगतो. या दोन गोष्टींची सांगड घालून पुढे कुणीतरी तो मंत्र गुहेच्या तोंडाशी नेऊन ठेवला, आणि त्याच्याही पुढच्या लोकांनी त्यात हिब्रू ऐकलं.

दुसरा प्रश्न त्या आकड्यांचाच. जपानी आकडे नीट ऐका: एक 'हि', दोन 'फु'. तीन 'मि', सहा 'मु'. चार 'यो', आठ 'या'. दुप्पट करताना व्यंजन तेच राहतं आणि स्वर बदलतो. 'ह' आणि 'फ' आज वेगळे वाटले तरी जुन्या जपानीत दोन्ही 'प' होते, म्हणून पहिली जोडीही त्याच नियमात बसते. ही मोजण्याची घरची पद्धत आहे. परक्या भाषेतल्या वाक्याचे तुकडे योगायोगाने एक ते दहाच्या जागी येऊन बसले असते, तर तिनाची सहाशी आणि चाराची आठाशी अशी सोयरीक जमली नसती. शिवाय ते हिब्रू वाक्य तयार करताना हि-फुचं 'हायाफा' करावं लागतं, यो आणि इत्सु हे वेगळे आकडे मोडून जोडावे लागतात. एवढी मोकळीक घेतली तर पाढ्यांतूनही कुठलीही भाषा काढता येईल.

मग हा नाद लागला कसा? सुरुवात गोऱ्या प्रवाशांपासून झाली. 1690 मधे डचांच्या वखारीचा डॉक्टर म्हणून नागासाकीत आलेल्या एंगेलबर्ट केंफरने जपानी लोक थेट बाबेलहून आले असं ठरवलं. त्याचा ग्रंथ 1727 मधे लंडनला छापला गेला. बायबलाबाहेर जगाचा इतिहास असतो हे त्या काळच्या युरोपला पटणं अवघड होतं. प्रत्येक अनोळखी समाजाला नोहाच्या वंशात कुठेतरी खोचायचं, हा रिवाजच होता. अश्शूरी राजांनी इ.स.पू. 722 च्या सुमारास इस्रायलचं उत्तरेकडचं राज्य बुडवलं आणि दहा टोळ्या नेल्या. त्या टोळ्या पुढे अमेरिकेत, अफगाणिस्तानात, इंग्लंडात, कुठेकुठे सापडल्या म्हणून जाहीर झालं. मग मॅकलिऑड नावाच्या एका स्कॉटिश गृहस्थाने 1870 च्या दशकात नागासाकीत पुस्तक छापून त्या जपानात आणून सोडल्या.

पुढचा भाग जपान्यांनी स्वतः लिहिला. 1908 मधे साएकी योशिरो या अभ्यासकाने क्योतोतल्या उझुमासाविषयी लेख लिहिला. उझुमासा ही हाता घराण्याची वस्ती. कोरियाच्या बाजूने आलेले हे लोक रेशीम विणण्यात तरबेज होते. क्योतोतलं कोऱ्यूजी हे देऊळ हाता-नो-कावाकात्सुने बांधलं, आणि फुशिमी इनारीचं प्रसिद्ध देऊळ 711 मधे याच घराण्याने स्थापलं असं मानतात. साएकीने त्यांचं नातं पश्चिम आशियाशी जोडलं. कोऱ्यूजीजवळ 'इसारा-इ' नावाची जुनी दगडी विहीर आहे. इसारा-इ म्हणजे इस्रायल, अशी आवई उठायला वेळ लागला नाही. खरं तर 'इसारा' म्हणजे थोडकं, इवलंसं पाणी. हा शब्द 'गेंजी मोनोगातारी'त आहे, म्हणजे हजारेक वर्षांपूर्वी क्योतोच्या दरबारी बायका तो वापरत होत्या. इवलीशी विहीर, एवढाच अर्थ.

सगळ्यांत मजेदार प्रकरण उत्तरेकडचं. आओमोरी प्रांतात हेराइ नावाचं गाव होतं. 1955 मधे शेजारच्या गावाशी एक होऊन त्याचं शिंगो झालं. 'हेराइ' म्हणजे 'हिब्राइ', म्हणजे हिब्रू, असा निष्कर्ष निघाला. वास्तविक त्या भागात इचिनोहे, निनोहे, सान्नोहे, गोनोहे, हाचिनोहे अशी 'हे'वाली गावं ओळीने आहेत, आणि हेराइच्या नावातही 'हे'साठी तेच अक्षर आहे. तिथे घोड्यांचे कळप पाळत आणि त्या कुरणांच्या जुन्या वाटणीवरून ही नावं पडली असं मानतात. पण 1935 मधे ताकेउची कियोमारो गावात आला. इबाराकी प्रांतात स्वतःचा पंथ काढलेला हा माणूस, जवळ वाडवडिलांची म्हणून कागदपत्रं बाळगणारा. त्याने दोन मातीचे उंचवटे दाखवून एक येशू ख्रिस्ताची कबर ठरवली. कथा अशी की क्रुसावर चढला तो येशूचा भाऊ इसुकिरी. येशू सैबेरियातून पायी जपानात आला, हेराइत लग्न करून शेती केली आणि 106 वर्षांचा होऊन वारला. दुसऱ्या उंचवट्यात भावाचा कान आणि मेरीचे केस आहेत.

त्या सालांत ईशान्य जपानात थंडीने पिकं बुडत होती, गावं कंगाल झाली होती. जवळच्या तोवादा सरोवराला 1936 मधे राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला. प्रवासी येतील असं काहीतरी गावात असावं ही त्या वेळची गरज होती. दुसरीकडे जपान हेच जगाचं मूळ असं सांगणाऱ्यांचा तो काळ. ताकेउचीच्या कागदांत मोझेस, बुद्ध, कन्फ्यूशियस हे सगळे शिकायला जपानातच येऊन गेले होते! म्हणजे या कथेत जपान ज्यूंचा नातलग ठरतो तो ज्यूंवरच्या प्रेमाने नव्हे, सगळं जग आपल्या दारात यावं या हौसेने. 1936 मधे कानो कोकिची या विद्वानाने 'शिसो' मासिकात लेख लिहून ती कागदपत्रं अलीकडे बनवलेली बनावट आहेत हे भाषा आणि लिपी तपासून दाखवलं. त्याच वर्षी राजघराण्याच्या अवमानाबद्दल ताकेउचीला अटक झाली. जप्त झालेले कागद तोक्योवरच्या बॉम्बहल्ल्यांत जळाले. कबर मात्र टिकली. जून महिन्याच्या पहिल्या रविवारी तिथे आजही ख्रिस्त-उत्सव भरतो, शिंतो पुजारी प्रार्थना म्हणतात, बायका किमोनो घालून कबरीभोवती 'नान्यादोयारा' हा नाच करतात. त्या गाण्यालाही कावामोरिता एइजी या धर्मोपदेशकाने हिब्रू ठरवलं. यानागिता कुनिओ या लोकसाहित्याच्या थोर अभ्यासकाला मात्र त्यात बायकांनी पुरुषांना दिलेली हाक ऐकू आली: हवं ते करा, काहीही करा. वर्षभर राबणाऱ्या बायकांना एक रात्र मिळणारी मोकळीक त्याने ओळखली. मला त्याचंच म्हणणं पटतं, कारण तो एका गावात जाऊन ते गाणं ऐकून आला होता.

आता आमच्या कोकणाकडे येते, कारण तिथे नेमकं उलटं घडलं.

अलिबागजवळ नवगाव आहे. तिथल्या किनाऱ्यालगत जहाज फुटलं, सात पुरुष आणि सात बाया वाचल्या, वाहून आलेली प्रेतं दोन ढिगाऱ्यांत पुरली, अशी बेने इस्रायल समाजाची परंपरा सांगते. वाचलेले लोक गावोगाव पांगले. नवगावकर, किहीमकर, पेणकर, दिवेकर, रोहेकर ही आडनावं घेतली, घाण्यावर तेल काढू लागले, मराठी बोलू लागले. हिब्रू विसरले. उरली ती 'शेमा' ही एक प्रार्थना. नावावरून, बोलण्यावरून, नऊवारी साडीवरून त्यांना कुणी ज्यू म्हटलं नसतं. पण शनिवारी घाणा बंद असे, म्हणून शेजाऱ्यांनी त्यांना 'शनिवार तेली' म्हटलं. मुलग्याची आठव्या दिवशी सुंता होई. खवलं आणि कल्ले नसलेला मासा घरात येत नसे. दाविद रहाबी नावाचा ज्यू त्यांच्यात आला तेव्हा त्याने बायकांपुढे निरनिराळे मासे ठेवले आणि त्यांनी खवलांचे तेवढे निवडले, ही गोष्ट त्या समाजात पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. खंडाळ्याच्या एलियाहू हनाबीच्या टापाजवळ खडकावर प्रेषिताच्या रथाची खूण दाखवतात, आणि पोहे, खोबरं, साखर, फळं घालून मलिदा करतात. तो मलिदा मी शेजारच्या काकूंच्या हातचा खात मोठी झाले.

ते कधी आले, कुठून आले, यावर मतभेद आहेत. हाईम सॅम्युएल केहीमकरांनी समाजाचा इतिहास लिहिला. तो 1897 मधे लिहून झाला आणि 1937 मधे तेल अवीवला छापला गेला. त्यात ते इ.स.पू. 175 च्या आसपासचा काळ धरतात. इतर अभ्यासक कितीतरी नंतरचा धरतात. पण नात्याबद्दल शंका उरली नाही. 2016 मधे प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासातही त्यांच्यात स्थानिक भारतीय आणि पश्चिम आशियाई ज्यू असे दोन्ही वारसे आढळले. हिब्रूचा जवळजवळ मागमूस नसताना इथे नातं खरं निघालं. जपानात पावलोपावली हिब्रू ऐकू येतं आणि एकाही घरात शनिवार पाळला जात नाही, सुंता होत नाही, आठवड्याची मोजणीच सुमारे दीडशे वर्षांपूर्वी सरकारने लागू केलेली.

पाहुण्यांना मी हे सगळं ताकाचिहोच्या बसमधे सांगितलं. ते म्हणाले, "पण मॅडम, आवाज इतके जुळतात ते काय उगीच?" उगीचच. जपानीत नावाला 'नामाए' म्हणतात आणि एखाद्याची काळजी घेण्याला 'सेवा'. मराठी माणसाला दोन्ही ऐकून आपलं घर सापडल्यासारखं वाटतं. त्यावरून जपानी माणूस कोकणातून आला असं कुणी म्हणत नाही. याउलट जपानी बाई नवऱ्याला 'दान्ना' म्हणते, तो शब्द खरोखर आपल्या 'दान'वरून आला. देवळाला दान देणारा तो दान्ना, मग मालक, मग नवरा. याची साखळी आहे: संस्कृत पोथ्या, त्यांची चिनी भाषांतरं, ती वाचणारे जपानी भिक्षू. अशी साखळी असली की नुसतं कानावर विसंबावं लागत नाही. कुकाई हा भिक्षू 806 मधे चीनहून परतला तेव्हा सिद्धम् लिपीतल्या पोथ्या घेऊन आला. जपानी कबरींमागे उभ्या केलेल्या लाकडी फळ्यांवर ती अक्षरं आजही लिहितात, आणि आपल्याला त्यांतलं एखादं चक्क वाचता येतं. 'आ, इ, उ, ए, ओ' आणि मग 'का, सा, ता, ना' हा जपानी बाराखडीचा क्रमही आपल्या वर्णमालेवरून लावलेला. कताकाना लिपी हिब्रूसारखी दिसते असंही हे पुस्तकवाले सांगतात. ती नवव्या शतकात भिक्षूंनी पोथीच्या समासात झटपट टिपणं काढण्यासाठी चिनी अक्षरांचे तुकडे घेऊन बनवली, आणि कुठल्या अक्षराचा कुठला तुकडा हे शाळेतली मुलंही शिकतात.

या हिब्रूच्या नादात नुकसान होतं ते ताकाचिहोचं. तिथे नोव्हेंबर ते फेब्रुवारी गावकरी योकागुरा करतात. एखाद्या घरात किंवा सभागृहात संध्याकाळी सुरू होणारे 33 नाच दुसऱ्या दिवशी उजाडेपर्यंत चालतात. नाचणारे शेतकरी, लाकूडकाम करणारे, कचेरीत जाणारे. हिरव्या बांबूत तापवलेली साके फिरते. गुहेचे नाच पहाटेनंतर येतात: ताजिकाराओ दार शोधतो, उझुमे नाचते, आणि शेवटी दार उचकटून फेकलं जातं. ते दार नागानो प्रांतात तोगाकुशीला जाऊन पडलं म्हणतात. ही परंपरा 1978 मधे राष्ट्रीय महत्त्वाचा लोकवारसा म्हणून नोंदली गेली. ज्याला रात्रभर जागायचं नाही त्याच्यासाठी ताकाचिहोच्या देवळात रोज रात्री आठ वाजता चार नाच दाखवतात. एका म्हाताऱ्या नर्तकाला मी हिब्रूबद्दल विचारलं. ते म्हणाले, "असं म्हणतात खरं," आणि लगेच मुखवट्याची दोरी कशी बांधायची ते दाखवू लागले. इवातो तर क्योतोत आहे, इसेजवळ आहे, ओकिनावाच्या इहेया बेटावरही आहे. गुहा कुठली खरी यावरून ताकाचिहोचे लोक भांडत नाहीत. नाच चुकला तर मात्र भांडतात.

माझं मत स्पष्ट आहे. अमानो इवातोच्या गाण्यात हिब्रू नाही, ताकाचिहोच्या लोकांनी जपलेलं जपानी आहे, आणि ते पुरेसं जुनं आणि पुरेसं सुंदर आहे. त्याला दुसऱ्या कुणाचे पूर्वज देऊन मोठं करण्याची गरज नाही. जपानात खरोखर हिब्रू वाचायचं असेल तर नागासाकीला जा. 1859 मधे बंदर उघडल्यावर ज्यू व्यापारी तिथे आले, त्यांतला ससून पेढीचा पैसा आपल्या मुंबईतून गेलेला होता. त्यांचं प्रार्थनामंदिर गेलं, पण साकामोतोच्या आंतरराष्ट्रीय दफनभूमीत ज्यूंचा वेगळा भाग आहे, आणि तिथल्या दगडांवर हिब्रू कोरलेलं आहे.